तुमची बोडी, माझा ढग

सर, सोमवारी तुमची तेरवी झाली. मी आले होते. वहिनींनी हाताला धरून पंगतीत बसवलं, पानात दोनदा वडे वाढले आणि मी ते सगळे खाल्ले. तुम्हाला हे सांगायला मला लाज वाटत नाही. मेलेल्याच्या नावानं उपाशी राहणारी माणसं तुम्हाला कधीच आवडली नाहीत. मुख्याध्यापक तुमच्याबद्दल चार शब्द बोलले, त्यांत तीन वेळा 'आदर्श' हा शब्द आला. मी शेजारच्या बाईंकडे पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर हसू आलं असतं. रहांगडाले सर आणि आदर्श! हजेरी घ्यायला विसरणारे, खडू खिशात ठेवून शर्ट धुवायला टाकणारे, आणि स्वतःची चूक मान्य करायची वेळ आली की खिडकीबाहेर बघत 'आज वारा आहे' म्हणणारे.

जेवणं आटोपल्यावर वहिनींनी मला आतल्या खोलीत बोलावलं. पलंगाखालून ती निळी पेटी ओढून काढली. "हे तुमा दोघांचं भांडन आहे मॅडम," त्या म्हणाल्या. "घरी ठेवून मी काय करू? घेऊन जा."

मी पेटी घेतली आणि स्कूटीवर पायांपाशी ठेवून घरी आले. रस्ताभर ती खडखडत होती. आत सव्वीस चकत्या. मुलं सीडी म्हणायची नाहीत, चकतीच म्हणायची, आणि मग आपणही तेच म्हणायला लागलो.

तुम्हाला आठवतं का, ही पेटी शाळेत आली तेव्हा मी नवीन होते. सांगलीकडची बाई, भूगोलाची, धानाची बांधी म्हणजे भाताचं खाचर हेही माहीत नसलेली. मुलं मला विचारायची, "मॅडम, तुमी असं पुस्तकासारखं काऊन बोलून राहिल्या?" आणि तुम्ही दारात उभे राहून गालातल्या गालात हसत असायचात. तुम्ही जिल्ह्याच्या कुठल्याशा प्रशिक्षणाला गेला होतात आणि येताना ही पेटी मांडीवर घेऊन एसटीने आला होतात. प्रत्येक शाळेला एकेक मिळाली होती. इतरांच्या पेट्या कपाटात गेल्या. तुमची मात्र त्याच दिवशी उघडली.

उपग्रहांनी काढलेली जमिनीची चित्रं, भूकंपांच्या नोंदी, पावसाचे आकडे, चंद्राचे खड्डे, सूर्याचे रोजचे फोटो. जगभरातली माहिती, शाळेच्या मुलांनी हाताळावी म्हणून चकत्यांवर भरलेली. आपल्याकडे तेव्हा एकच संगणक होता. त्याला दसऱ्याला झेंडूचा हार घालायचे आणि बाकी वर्षभर त्याच्यावर चादर असायची. तुम्ही ती चादर काढून माझ्याकडे फेकलीत आणि म्हणालात, "मॅडम, वाटनी करून घेऊ. पृथ्वी तुमची, आकाश माझं."

मी म्हटलं, "ढग कुणाचे?"

"वर आहेत ना? मग माझे."

"हवामान भूगोलात येतं. ढग माझे."

तुम्ही थोडा वेळ विचार केलात आणि म्हणालात, "बरं. ढग तुमचे. पन विजा माझ्या." आपलं पहिलं भांडण ते. ढग मी जिंकले, आणि पुढची सगळी वर्षं ते मला महाग पडले.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की संगणकाच्या खोलीबाहेर चपलांचा ढीग पडायचा. मुलं अनवाणी आत येऊन फरशीवर बसायची. चकती आत सरकवली की यंत्र घर्रर्र करायचं, आणि ते घर्रर्र थांबेपर्यंत कोणी बोलायचं नाही. तुमचा आवडता खेळ सूर्याचा होता. एकाच जागेवरून रोज काढलेले सूर्याचे फोटो एकामागून एक दाखवायचे आणि मुलांनी त्याच्यावरचे काळे डाग वहीत टिपायचे. एखादं पोर मधूनच नवा डाग शोधायचं, तेव्हा तुम्ही म्हणायचात, "एका दिवशी दिसला तो डाग काचेवरच्या धुळीचाही असू शकतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा दिसला, जरा सरकून दिसला, तर तो सूर्याचा." हे वाक्य तुम्ही इतक्या वेळा म्हटलंत की मला ते झोपेतही म्हणता येईल. आणि या वाक्यानेच तुमचा घात केला, सर. पण ते पुढे.

मग नऊ नंबरची चकती लागली. आपलाच भाग, दिवाळीच्या आधी काढलेलं चित्र. सगळं लालभडक. मुलं दचकली. एक मुलगी रडवेली होऊन म्हणाली, "मॅडम, धान जळून राहिलं का?" मी समजावलं की उपग्रहाच्या या चित्रात हिरवं ते लाल दिसतं, जितकी पालवी जास्त तितकं लाल, आणि पाणी काळं दिसतं. मुलांना ते पटायला पाच मिनिटंही लागली नाहीत. मग सगळी पडद्यापाशी आली. आमगावची रेल्वेची रेघ सापडली, कचारगडचे डोंगर सापडले गडद लाल, आणि त्यानंतर मुलं एकच गोष्ट शोधायला लागली. बोड्या. आमच्याकडची मुलं असती तर त्यांनी विहीर शोधली असती. इथे गावागणिक तलाव, घरागणिक बोडी, म्हणजे शेतातलं छोटं तळं. काळा ठिपका दिसला की बोट. "ही आमची." "ही मामाच्या गावची." "ही पोस्टाच्या मागची."

आणि मग तुम्ही खुर्चीवरून उठलात. पडद्याजवळ आलात, चष्मा कपाळावर केलात आणि गावाच्या पूर्वेला, तुमच्या शेतावर एक काळा ठिपका होता, त्याच्यावर करंगळी ठेवलीत. "ही आमची बोडी," तुम्ही म्हणालात. मी तुमचा तसा आवाज आधी ऐकला नव्हता आणि नंतरही ऐकला नाही.

तुमच्या आजोबांनी खोदलेली ती बोडी. तुम्ही तिच्यात पोहायला शिकलात, मासे धरलेत, तुमचा एक दात तिच्या काठच्या पाळीवर पडला. तुम्ही दहा वर्षांचे असताना भावाभावांच्या वाटण्या झाल्या, बोडी बुजवून बांध्या पाडल्या. ना कागदावर राहिली ना जमिनीवर. गावातल्या जुन्या माणसांपैकी अर्धे म्हणत, बोडी तिथे नव्हतीच, पलीकडे होती. तुम्ही मुलांना सांगितलंत, "बुजवली तरी जागा खोलगट आहे. पाऊस सरला तरी पानी साचून राहते. माणसाले नाही दिसली, पन वरून दिसते."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. आणि मी, भूगोलाची बाई, ढगांची मालकीण, मागून म्हटलं, "सर, ती ढगाची सावली आहे."

आजही मला कळत नाही मी तेव्हाच का बोलले. नंतर तुम्हाला एकट्याला सांगता आलं असतं. पण माझ्या तोंडाला कुलूप नाही हे तुम्हीच सगळ्यांना सांगायचात. ठिपक्याच्या खाली उजवीकडे एक पांढरा पुंजका होता. चित्रात तसे आणखी पाच पुंजके होते आणि प्रत्येकाच्या वर डावीकडे काळा ठिपका होता. सकाळचं ऊन दक्षिण-पूर्वेकडून येतं, सावली उत्तर-पश्चिमेला पडते. मी हे सगळं घडाघडा सांगितलं. तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "तो पांढरा ढग नाही मॅडम, मुरमाची खदान आहे. मी रोज तिच्यावरून सायकल नेतो."

खदान होतीच तिथे, हे खरं. मग मतदान झालं. बोडीवाले बत्तीस, ढगवाले तीन, आणि त्या तिघांतली एक मी. त्यातल्या दुसऱ्याने नंतर बाजू बदलली.

तेव्हापासून दर वर्षी नवी मुलं आली की नऊ नंबरची चकती लागायची, तुम्ही करंगळी ठेवायचात आणि मी मागून खोकायचे. मुलांनाही सवय झाली. बोडीवाले आणि ढगवाले असे दोन पक्ष पडले, कबड्डीच्या संघांनाही तीच नावं. एकदा विज्ञान प्रदर्शनाहून परतताना कोहमाऱ्याच्या ढाब्यावर आपण चहाला थांबलो होतो. ऊन तिरपं टेबलावर येत होतं. मी तुमचा ग्लास, माझा ग्लास आणि पाण्याचा जग ओळीने मांडले आणि म्हटलं, "बघा, तिघांची सावली एकाच बाजूला." तुम्ही बघितलंत. मग तुमचा ग्लास उचलून खांबाच्या सावलीत ठेवलात आणि विचारलंत, "आता?" ढाबेवाल्याला वाटलं आपल्याला चहा आवडला नाही. तो म्हणाला, "क्या हुआ मास्टरजी, शक्कर कम है?"

आता जे तुम्हाला कधी सांगितलं नाही ते सांगते.

चौदा नंबरची चकती. तीही आपल्याच भागाची, पण वेगळ्या वर्षाची. दोन्ही चित्रं शेजारी ठेवली की भांडण मिटणार हे तुम्हालाही कळत होतं आणि मलाही. डाग दुसऱ्यांदा दिसला तर खरा. एका दुपारी, मधल्या सुट्टीत, तुम्ही नसताना मी ती लावली. मला जिंकायचं होतं, दुसरं काही नाही. तुमचं शेत शोधलं. तिथे डाग नव्हता. साधं, एकसारखं लाल धान, या बांधापासून त्या बांधापर्यंत. आजूबाजूच्या खऱ्या बोड्या होत्या तिथेच होत्या, काळ्याभोर.

मी जिंकले होते. आणि मला तुमची ती करंगळी आठवली.

चकती बाहेर काढली, पाकिटात घातली आणि माझ्या कपाटात, नकाशांच्या गुंडाळ्यांमागे सरकवली. तुम्ही पुढच्या शनिवारी म्हणालात, "आज चौदावी लावून पाहू, म्हणजे मॅडमचं तोंड बंद होईल." मी म्हटलं, "तिच्यावर चरे पडलेत. चालत नाही. नुसतं घर्र करते." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. चोराच्या मनात चांदणं, मला वाटलं तुम्ही आता म्हणाल, दाखवा. पण तुम्ही खिडकीबाहेर बघितलंत आणि म्हणालात, "असू द्या. आज वारा आहे."

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मी मनाला सांगितलं. बारा वर्षं सांगत राहिले. त्यानंतर मी मुलांसमोर तुमच्याशी जास्तच जोरात भांडायला लागले, कारण हळू बोलले असते तर तुम्हाला संशय आला असता. मला वाटायचं, मी तुमची बोडी राखते आहे. वर्गात तुम्हाला विरोध करायचा आणि कपाटात तुमची बाजू सांभाळायची. बायका नवऱ्यासाठी एवढं करत नाहीत.

शाळेत मोठा टीव्ही आला, जुना संगणक भंगारात निघाला, तेव्हा तुम्ही निवृत्त होत होतात. "भंगारात कायले देता, मले द्या," म्हणून तुम्ही तो संगणक आणि पेटी घरी नेलीत. तुमच्या छपरीत शनिवारचा तास सुरू झाला. शाळा सुटली की मुलं तिकडे आणि मुलांच्या मागून मी. वहिनी चहा करायच्या. आपण भांडायचो. गेली दोन वर्षं माझ्या आठवड्यातला तो सगळ्यात चांगला वेळ होता, आणि हे मी तुम्हाला एकदाही म्हटलं नाही. तुम्हीही म्हटलं नाहीत, म्हणजे फिट्टंफाट.

सोमवारी संध्याकाळी मी पेटी घरी टेबलावर ठेवली. मला एकच करायचं होतं. वाटेत थांबून शाळेच्या कपाटातून माझी चौदावी आणली होती, ती तिच्या जागी परत ठेवायची. तुम्ही असताना ठेवता आली नाही, आता तरी ठेवावी. पेटीत सव्वीस खण, प्रत्येकावर तुमच्या अक्षरात आकडा. बारा वर्षं त्या खणाकडे पाहणं मी टाळलं होतं. मी बारा, तेरा असे मोजत चौदाव्यावर आले.

चौदावा खण रिकामा नव्हता.

मी दोन वेळा मोजलं. माझ्या हातात चौदा होती आणि खणातही चौदा होती. खणातलं पाकीट बाहेर काढलं. त्याच्यावर आमगावच्या शाळेचा शिक्का, आणि शिक्क्याखाली तुमची पेन्सिल. अक्षर बारीक, तुम्ही खाडाखोड टाळायला हळूहळू लिहायचात तसं.

'आमगाववरून आणली. पाहिली. डाग नाही. मॅडम बरोबर. सांगायचं नाही. पोरं काढतील.'

खाली तारीख होती. मी चरे पडल्याचं सांगितलं त्याच्या पुढच्याच महिन्यातली.

सर, मला आधी राग आला. खरंच सांगते, असा राग तुम्ही जिवंत असताना आला नव्हता. बारा वर्षं! ढाबे, प्रदर्शनं, मतदानं, माझा घसा. तुम्हाला सगळं माहीत असताना तुम्ही करंगळी ठेवत राहिलात, मुरमाची खदान सांगत राहिलात. मी तुमची कीव करत होते आणि तुम्ही समोर बसून माझी मजा बघत होतात. मग मला आठवलं की मीही तेच करत होते. खुर्चीत बसून मी इतकी हसले की शेजारच्या काकू डोकावल्या. मग हसता हसता रडले आणि काकू घरात येऊन बसल्या.

पण एक गोष्ट हसून जात नव्हती. आमगावला ती चकती लावली तेव्हा तुम्ही एकटे होतात. माझं जिंकणं आणि तुमचं हरणं एकाच चित्रात होतं, पण मी ते बघून कपाट लावलं आणि वर्गावर गेले. तुम्ही काय केलंत?

मंगळवारी मी वहिनींना विचारलं. त्यांनी जरा आठवलं. "एक दिवस आमगाववरून आले, जेवले नाही, तसेच बांधीत जाऊन बसले," त्या म्हणाल्या. "मी मागून गेली. म्हटलं का झालं? म्हणे, काही नाही, एक डाग पुसला. मले काही समजलं नाही. मंग दुसऱ्या दिवशी हसत हसत शाळेत गेले." मी निघाले तेव्हा त्या म्हणाल्या, "बोडी होती बरं का मॅडम. मी लगन करून आली तेव्हा नव्हती, पन सासूबाई तिच्या मासोळ्यांच्या गोष्टी सांगे. बोडी खोटी नाही."

नाही, बोडी खोटी नाही. फक्त तो डाग तिचा नव्हता. हे वाक्य तुम्हाला सांगायला हवं होतं, सर. दोन वेगळ्या गोष्टी आहेत त्या, आणि मी बारा वर्षं एकच समजत होते. तुम्हाला बोडीच्या आठवणीसाठी उपग्रहाची साक्ष लागत नव्हती. एका संध्याकाळी बांधीत बसून तुम्ही ते उरकलंत आणि दुसऱ्या दिवशी शाळेत हसत आलात. मी मात्र तुमच्यासाठी चकती लपवून बसले.

पण 'पोरं काढतील' म्हणजे काय, हे मला चार दिवस कळत नव्हतं. पोरं कशी काढणार? चौदावी माझ्या कपाटात, दुसरी तुमच्या पेटीत, आणि तुम्ही ती कधी लावली नाहीत. एकट्या नवव्या चकतीवरून काय काढणार? आपण दोघं शिकलेली माणसं ग्लास आणि जग घेऊन ढाब्यावर भांडलो तरी निकाल लागला नाही.

आज शनिवार. शाळा सुटली आणि वहिनींचा फोन आला. "मॅडम, पोरं छपरीत येऊन बसली आहेत. त्यायले काय सांगू?" मी म्हटलं, काही सांगू नका, मी येते. पेटी पुढ्यात ठेवली आणि निघाले.

मुलं नेहमीसारखी बसली होती, फक्त तुमची खुर्ची रिकामी सोडून. संगणकावरची चादर मी काढली. नऊ नंबरची चकती लावली. घर्रर्र झालं, आणि कोणी बोललं नाही. लाल चित्र आलं. मी पडद्याजवळ गेले, चष्मा कपाळावर केला आणि तुमच्या शेतावरच्या त्या डागावर करंगळी ठेवली.

"ही रहांगडाले सरांची बोडी," मी म्हटलं.

एक जण म्हणाला, "मॅडम, तुमी तर ढगवाल्या आहात."

"आज सर नाहीत. त्यांच्या बाजूनं कोणीतरी बोलायला पाहिजे. बोला, कोणाला पटत नाही?"

तुमच्या घरी, तुमच्या तेरवीनंतर पाच दिवसांनी, तुमची बोडी खोटी आहे असं कोण म्हणणार? मी मुरमाची खदान सांगितली, खोलगट जागा सांगितली, सगळी तुमची वाक्यं, अगदी तुमच्या सुरात. आणि गंमत अशी की बोलता बोलता मलाच ती पटायला लागली.

मागून एक मुलगी उठली. सगुणा मडावी, आठवीतली. सालेकशाकडच्या जंगलातल्या गावची, इथे आत्याकडे राहते. तुम्ही तिला ओळखता, ती तासाला येते आणि एक अक्षर बोलत नाही. ती आधी छपरीच्या कोपऱ्यात गेली. खराट्याची एक काडी ओढून काढली. पडद्याशी आली, काडीचं एक टोक त्या पांढऱ्या पुंजक्यावर ठेवलं आणि काळा ठिपका जिथे आला तिथे नखाने काडी दुमडली. मग तीच काडी, तशीच तिरपी, दुसऱ्या पुंजक्यावर नेली. दुमड बरोबर त्याच्या ठिपक्यावर आली. तिसऱ्यावर नेली. चौथ्यावर. पाचव्यावर. सहाव्यावर.

"मॅडम," ती इतकी हळू बोलली की पुढच्यांनी मागच्यांना सांगितलं. "सगळ्याची सावली एका मापाची आहे. ही पन त्याच मापात बसून राहिली. खदान असती तर असं बरोबर कशी बसली असती?"

मी तुमची बाजू सोडली नाही. म्हटलं, "योगायोग असेल."

तिने काडी पोस्टामागच्या बोडीवर ठेवली, जी खरोखर आहे, जिच्यात सगळी पोरं डुंबतात. दुमड बोडीवर, आणि पांढऱ्यावर यायचं ते टोक नुसत्या लाल धानावर. तिथे काहीच नव्हतं. "खऱ्या बोडीच्या बाजूले पांढरं नाही," ती म्हणाली. "तिले ढग लागत नाही."

बारा वर्षं, सर. एक खराट्याची काडी. दुसऱ्या चकतीची गरजच नव्हती. उत्तर नवव्या चकतीतच होतं, पहिल्या दिवसापासून, आणि आपण दोघं पूर्व-पश्चिम करत बसलो. तुम्ही हे ओळखलं होतंत की नुसताच मुलांवर भरवसा टाकला होतात, ते मला आता विचारता येणार नाही. मला वाटतं, ओळखलं नव्हतं. तुम्ही असे सगळ्यांवर भरवसा टाकायचात, आणि बहुतेक वेळा तोंडघशी पडायचात. या वेळी नाही पडलात.

मुलं वहिनींकडे बघायला लागली. त्या दारात पदराला हात पुसत उभ्या होत्या. सगुणाने काडी पाठीमागे लपवली. वहिनी म्हणाल्या, "लपवते कायले? सरले हेच तर पाहिजे होतं." आणि चहाला आत गेल्या. त्या जरा जास्तच वेळ आत होत्या, चहा उकळून उकळून काळा झाला होता, पण सगळ्यांनी प्यायला.

मग मी हात वर करायला सांगितले. ढगवाले सगळे. बोडीवाली एक. ती मी. तुमची बाजू इतकी एकटी पडलेली मी कधी पाहिली नव्हती, आणि मला खूप बरं वाटलं. शेवटी मुलं म्हणाली, पुढच्या शनिवारी सूर्य लावा. मी म्हटलं, आकाश सरांचं आहे, मला नीट येत नाही. सगुणा म्हणाली, "आमी पाहून घेऊ." म्हणजे तास चालू राहणार आहे. संगणक वहिनींच्याच छपरीत राहील, पेटी मी ने-आण करीन. वहिनी मला पेटी घेऊन जा म्हणाल्या होत्या, आता म्हणतात, दर शनिवारी कायले वाहता, ठेवून द्या इथेच.

मुलं गेल्यावर मी तुमच्या खुर्चीत बसले. आमगावच्या पाकिटावर, तुमच्या पेन्सिलीच्या ओळीखाली, पेन्सिलीनेच लिहिलं: 'काढलं. सगुणा मडावी, आठवी. खराट्याच्या काडीनं.' काडी लहान करून पाकिटात घातली. मग माझी चौदावी काढली आणि तुमच्या चौदावीला लागून त्याच खणात ठेवली. दोन जरा कोंबून बसतात.

माझ्या पाकिटावर बारा वर्षं काहीच लिहिलेलं नव्हतं. आज दोनच शब्द लिहिले, सर.

चरे नाहीत.